स्काऊट पथकातला मोठा माणूस

शाळेत स्काऊट-गाईडचं पथक आहे, हे बऱ्याच पालकांना ‘खरी कमाई’च्या दिवशी कळतं. पटांगणात बाकं मांडलेली असतात, गळ्यात स्कार्फ बांधलेली पाचवी-सहावीची मुलं भेळ, उकडलेल्या शेंगा आणि लिंबू सरबत विकत असतात, आणि आईबाप आपल्याच घरच्या कांद्या-कोथिंबिरीची भेळ पैसे मोजून खातात. हिशेब मुलांनी ठेवायचा, उरलेली रक्कम पथकाची. या गडबडीत एक बाई किंवा सर जरा बाजूला उभे असतात. गळ्यात शिट्टी, हात मोकळे. गल्ला त्यांच्याकडे नसतो आणि भेळही ते कालवत नाहीत. त्यांचं काम नेमकं काय असतं, ते तिथवर कसे पोचतात आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुणाला ते काम अंगावर घ्यायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते इथे सांगतो.

संघटनेची ओळख थोडक्यात. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. बड्या शाळांतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं त्यात एकाच तंबूत राहिली. भारतात १९०९ पासून पथकं निघाली, पण सुरुवातीला ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. आपल्या मुलांना प्रवेश नाही म्हटल्यावर मद्रासेत अ‍ॅनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर या धारा एक झाल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत आली. राष्ट्रीय मुख्यालय दिल्लीत, राज्याचं दादरला शिवाजी पार्कात, आणि आपल्या तिन्ही गावांसाठी ठाणे जिल्हा. जिल्ह्याचं रोजचं काम बघणारे जिल्हा संघटक असतात, एक स्काऊटसाठी आणि एक गाईडसाठी. अर्ज, नोंदणी, शिबिरांच्या तारखा सगळं त्यांच्यामार्फत जातं. जुन्या पिढीतल्या लोकांना ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ म्हटलं की पटकन लक्षात येतं.

पालकांच्या मनात एनसीसी, आरएसपी आणि स्काऊट यांचा गोंधळ असतो, कारण शाळेत तिन्हींचे गणवेश एकाच ओळीत दिसतात. एनसीसी संरक्षण खात्याची, तिथे कवायत आणि रायफल आहे. आरएसपी वाहतुकीच्या नियमांसाठी. स्काऊटमध्ये कवायत फार थोडी. तिथे मुलं लहान गटांत राहून, स्वतः ठरवून, हाताने काहीतरी करत शिकतात.

वयाप्रमाणे तीन मुख्य गट. साधारण दहा वर्षांपर्यंत कब आणि बुलबुल, मग सतरा-अठरापर्यंत स्काऊट आणि गाईड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. गटाप्रमाणे मोठ्या माणसाचं नाव बदलतं: कब मास्टर, फ्लॉक लीडर, स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टन, रोव्हर लीडर, रेंजर लीडर. गाईड आणि बुलबुल बाईंच्याच हाताखाली असतात. कबमध्ये किपलिंगच्या जंगल बुकातली नावं चालतात, तेव्हा बँकेत नोकरी करणाऱ्या काकूंना आठवड्यातून एकदा तासभर ‘अकेला’ म्हणवून घ्यावं लागतं. संकोची माणसाने थेट स्काऊट गट घ्यावा.

आपल्याकडे बहुतेक पथकं शाळांची आणि म्हणून बहुतेक लीडर शिक्षक. शिक्षक नसलेल्या माणसाला दोन वाटा आहेत. एक, जवळच्या शाळेच्या पथकात मुख्याध्यापकांच्या संमतीने सहायक स्काऊट मास्टर किंवा सहायक गाईड कॅप्टन म्हणून जोडून घ्यायचं. दुसरी, खुलं पथक काढायचं, म्हणजे एखाद्या संस्थेच्या किंवा वस्तीच्या आधाराने चालणारं, वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांचं पथक. रेल्वेत नोकरी असेल तर तिसरीही वाट आहे. मध्य रेल्वेची स्काऊट-गाईड संघटना वेगळी आहे आणि तिला राज्याच्या बरोबरीचा दर्जा आहे. बदलापूरच्या नव्या वसाहतींमध्ये खुल्या पथकाची कल्पना सगळ्यांना आवडते, पण माझा सल्ला पहिल्या वाटेचा. शाळेकडे पटांगण, पावसात बसायला वर्ग, मुलांची यादी आणि पालकांचे फोन नंबर आधीच असतात. खुल्या पथकात हे सगळं तुम्हाला जमवावं लागतं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाठ्या घेऊन पोरं उभी राहिली की तिसऱ्या रविवारी कमिटीचं पत्र येतं.

मग प्रशिक्षण. पहिली ठळक पायरी म्हणजे बेसिक कोर्स, सात दिवसांचा निवासी. नोकरदार माणसाची पहिली कसोटी इथेच लागते, कारण सात दिवसांची सलग रजा बदलापूर-सीएसएमटी करणाऱ्याला सहजासहजी मिळत नाही. कोर्सची रचना बघण्यासारखी आहे. तिथे व्याख्यानं कमी. आलेल्या मोठ्या माणसांचेच संघ पाडले जातात, कुणी ‘वाघ’ होतं, कुणी ‘गरुड’. पंचेचाळिशीचे पर्यवेक्षक सकाळी आपली वळकटी गुंडाळून तपासणीला उभे राहतात आणि बांबूचा भांडी ठेवायचा रॅक वाकडा झाला म्हणून त्यांच्या संघाचे गुण जातात. आपण मुलांकडून जे करून घेणार, ते आधी आपल्या गुडघ्यांना कळावं, हा हेतू. त्यानंतर काही काळ पथकात काम, मग अ‍ॅडव्हान्स कोर्स, पुन्हा पथकात काम, आणि शेवटी हिमालय वुडबॅज. लीडर मंडळी त्याला सरळ ‘एचडब्ल्यूबी’ म्हणतात. तो मिळाला की गळ्यात चामडी दोरीत दोन लाकडी मणी येतात. इंग्लंडात गिलवेल पार्कला १९१९ मध्ये पहिला कोर्स झाला तेव्हा बेडन-पॉवेलनी आफ्रिकेहून आणलेल्या, झुलू राजा दिनिझुलू याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या माळेतले मणी दिले होते, तिथपासूनची ही रीत. वसाहतकाळातल्या लढाईतून हाती आलेल्या माळेचे मणी आपण आज अभिमानाने मिरवावेत का, असं विचारणारे लीडरही मला भेटले आहेत, आणि प्रश्न वाजवी आहे.

कोर्स झाला म्हणजे पथक हाती आलं असं होत नाही. पथकाची दरवर्षी नोंदणी करावी लागते आणि लीडरच्या नावे वॉरंट घ्यावं लागतं. हे नेमणूकपत्रच. वॉरंट म्हणजे या माणसाकडे मुलं सोपवायला हरकत नाही, असं संघटनेने लिहून दिलेलं असणं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पथकात साधारण २४ ते ३२ मुलं, त्यांचे सहा ते आठ जणांचे संघ. प्रत्येक संघाला एक संघनायक आणि एक उपसंघनायक, दोघंही मुलांतलेच. स्काऊटच्या संघांना प्राणी-पक्ष्यांची नावं, गाईडच्या संघांना फुलांची. प्रत्येक संघाचा स्वतःचा झेंडा, स्वतःची आरोळी आणि मैदानात स्वतःचा कोपरा. संघनायकांची मिळून मानसभा होते. पुढच्या महिन्यात काय करायचं, खरी कमाईचे पैसे कशावर खर्च करायचे, कुणी वारंवार गैरहजर राहतो त्याचं काय, हे ती ठरवते. मानसभेत स्काऊट मास्टर बसतो, पण सल्लागार म्हणून. मुलांच्या अंगाशी येईल असा निर्णय होत असेल तेव्हाच त्याने अडवायचं, एरवी गप्प बसायचं. सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे, आणि मोठ्या माणसाला सगळ्यांत जड जाणारी गोष्टही हीच.

शाळांतून नेमकं इथेच बिनसतं. साठ मुलं रांगेत उभी करायची, सरांनी पुढे उभं राहून रीफ नॉट बांधून दाखवायची, मागच्या रांगेला काहीच दिसत नाही, घंटा होते. याला पथकाची सभा म्हणत नाहीत, हा पीटीचा तास झाला. नीट चालणाऱ्या पथकात काम उलट्या दिशेने होतं. स्काऊट मास्टर आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी, मधल्या सुट्टीत, चार संघनायकांना घेऊन बसतो आणि त्यांना क्लोव्ह हिच शिकवतो. शनिवारी ते चौघं आपापल्या कोपऱ्यात आपल्या मुलांना शिकवतात. कुणी चुकीची शिकवतो. ती चूक दुरुस्त करायला स्काऊट मास्टरने धावत जायचं नाही. थोड्या वेळाने लाठ्या बांधून तिकाटणं उभं करायचा खेळ घ्यायचा. ज्याची गाठ चुकीची त्याचं तिकाटणं कोसळतं आणि तो शेजारच्या संघाची गाठ बघायला स्वतः जातो. बारा वर्षांच्या मुलाने शिकवलेली गाठ दहा वर्षांच्या मुलाच्या जास्त लक्षात राहते.

सभा साधारण तास-दीड तासाची. ध्वज, प्रार्थना, तपासणी. तपासणीत नखं, स्कार्फची घडी, स्कार्फ अडकवायचं वॉगल, बुटांच्या नाड्या. ही संघनायकाने करायची आणि मास्टरने फक्त एक चक्कर मारायची. मग अंग मोकळं करणारा एखादा धावपळीचा खेळ. मग शिकण्याचा भाग, तोही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ताणायचा नाही. नंतर संघांचे कोपरे, एखादी गोष्ट, ध्वज उतरवणं आणि पांगणं. पाऊस असेल तर किम्स गेम हमखास चालतो. फडक्याखाली दोन डझन वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवून झाकायच्या आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगायचं. उल्हासनगरात हा खेळ घेताना वस्तू आणायची चिंता नसते. जीन्सच्या कारखान्यांमुळे घराघरात बटणं, रिव्हेट, चेनचे तुकडे पडलेले असतात, आणि एरवी वर्गात शेवटच्या बाकावर असणारा मुलगा इथे एका नजरेत तांब्याचं आणि पितळेचं बटण वेगळं सांगतो.

उल्हासनगरात भाषेचाही विचार करावा लागतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिथे नवं शहर वसलं. कॅम्प एक ते पाच ही नावं छावणीचीच राहिली. आज एकाच पथकात घरी सिंधी, मराठी आणि भोजपुरी बोलणारी मुलं असतात. ईश्वर आणि देशाप्रति कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचं पालन, एवढं वचन मुलाला घ्यायचं असतं. ते त्याला समजेल त्या भाषेत घेऊ द्यावं. घोकून घेतलेल्या वचनाला तसाही अर्थ नाही. ध्वजगीत आणि प्रार्थना सगळीकडे हिंदीतच असतात, ती एकत्र म्हणण्याने काम भागतं.

आता जो विषय या पट्ट्यातल्या पालकांच्या मनात आधीच असतो, त्याकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि लोकल कित्येक तास थांबल्या. त्यानंतर इथल्या कुठल्याही आईला ‘शिबिराला मुलं पाठवा’ असं सांगणं सोपं राहिलेलं नाही. सोपं नसावंच. नव्या लीडरने तिच्या प्रश्नांचा राग मानू नये, तिने विचारायच्या आत उत्तरं तयार ठेवावीत.

नियम साधे आहेत आणि ते मोडायला कुठलंही चांगलं कारण नसतं. एका मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद जागेत कधीही थांबायचं नाही. बोलायचं असेल तर बाकीच्यांच्या नजरेसमोर, मैदानाच्या कडेला. प्रत्येक सहलीला किमान दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यातली एक बाई. झोपण्याच्या जागा मोठ्यांच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. मुलांशी खासगी मेसेज नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. पोलीस पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून शाळेत द्यायचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांना भेटून आपलं वेळापत्रक सांगून ठेवायचं. आणि कायदा माहीत हवा. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेचं नाव जाईल म्हणून आधी आपापसात चौकशी करू, असं म्हणायची मुभा कायदा देत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर संघनायकांनाही पाठ असावा. एखाद्या अनुभवी लीडरला ‘आमच्यावर अविश्वास का’ असं वाटतं. पण हे नियम चांगल्या माणसालाही राखतात: दोन साक्षीदारांसमोर वावरणाऱ्यावर खोटा आळ टिकत नाही.

मग पायी सहल आणि शिबिर, ज्यासाठी मुलं येतात. आपल्या भागात जागांची चैन आहे, त्यामुळे निवडीत चूक होते. कोंडेश्वरचा धबधबा पावसाळ्यात सगळ्यांना खुणावतो. दरवर्षी तिथे माणसं बुडतात, आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा जागांवर बंदी घालतं. पथक तिथे न्यायचं तर हिवाळ्यात, आणि तेव्हाही पाण्यात उतरायचं नाही. चंदेरीचा सुळका प्रौढ गिर्यारोहकांसाठी; लहान स्काऊटने तो वांगणीच्या बाजूने लांबून बघून त्याचं रेखाटन करावं.

पहिल्या सहलीसाठी मी अंबरनाथचं शिवमंदिर सुचवेन. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचा शिलालेख असलेलं हे मंदिर स्टेशनपासून पायी जाण्याजोगं आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचकडून निघालं तर वालधुनी नदीच्या कडेने वाट काढता येते. संघांना कामं वाटून द्यायची. एक संघ नकाशा काढेल, पावलं मोजून अंतर लिहील, कंपासवर दिशा घेईल. एक संघ वालधुनीचं पाणी जागोजागी कसं दिसतं, वास कसा येतो, काठाला काय टाकलेलं आहे, याची नोंद करेल. एक संघ मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं शोधून त्यांचं रेखाटन करेल. सातवीतला मुलगा जेव्हा एकाच कागदावर हजार वर्षांपूर्वीचं कोरीवकाम आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने रंग बदललेली नदी लिहून आणतो, तेव्हा लीडरला पर्यावरणावर भाषण द्यायची गरज उरत नाही. लॉगबुकचं पान भरलेलं असतं.

शिबिरात तंबू, लाठ्या-दोऱ्यांची अवजारं, शेकोटी आणि बिनभांड्यांचा स्वयंपाक असतो. निखाऱ्यात बटाटे, काठीला गुंडाळलेली कणीक, पानात गुंडाळून भाजलेली भाजी. अर्धं कच्चं राहतं, उरलेलं करपतं, आणि मुलं घरी ताटातले मटार बाजूला काढणारी असली तरी इथे सगळं खातात. लीडरने त्या दिवशी गुपचूप पोह्यांची पिशवी जवळ ठेवावी, पण लवकर बाहेर काढू नये. शिबिराआधी पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची परवानगी, प्रत्येक मुलाच्या औषधांची आणि अ‍ॅलर्जीची यादी, जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि तातडीला एक गाडी. हे नसेल तर शिबिर पुढे ढकलायचं.

सेवेबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांना पूर नवा नाही. २६ जुलै २००५ आठवणीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ आणि नौदलाने बाहेर काढलं. अशा वेळी उत्साही संघनायक दोरी घेऊन निघतो. त्याला थांबवणं हे लीडरचं काम. मुलांनी पाण्यात उतरायचं नसतं. पाणी ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याचं वाटप, निवाऱ्यात लहान मुलांना खेळात गुंतवणं, याद्या करणं, प्रथमोपचाराच्या पेटीजवळ बसणं, इतकं पुष्कळ आहे.

पैशांचा भाग थोडा. नोंदणी शुल्क किरकोळ असतं. गणवेशाचं कापड उल्हासनगरच्या बाजारात स्वस्तात मिळतं आणि शिवायला कारागीर शेजारीच. बिल्ले आणि पदकं मात्र संघटनेकडूनच घ्यायची. लीडरला मानधन नसतं. प्रवासाचा, झेरॉक्सचा, कधी एखाद्या मुलाच्या बुटांचा खर्च खिशातून जातो, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बक्षिसांची शिडी प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार अशी चढत जाते. दहावीला सवलतीचे गुण आणि पुढे रेल्वे भरतीतला स्काऊट-गाईड कोटा यांमुळे वरच्या दोन पायऱ्यांचं आकर्षण मोठं. आठवी-नववीत अचानक पालक येतात आणि ‘याला राष्ट्रपतीला बसवा’ म्हणतात. बसवता येत नाही. प्रत्येक सोपानाला ठरावीक महिने काम करून दाखवावं लागतं, मधली पायरी गाळता येत नाही. ज्याला तिथवर जायचं त्याने पाचवी-सहावीत प्रवेश घेतलेला हवा. नोंदवहीत मागच्या तारखा घालून वेळ भरून काढायची विनंती लीडरकडे येतेच. पहिल्यांदा नाही म्हणताना वाईटपणा येतो, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

सुरुवात करायची असेल तर मे महिना चांगला. शाळा भरण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा: पथकाची नोंदणी चालू आहे का, वॉरंट कुणाच्या नावावर आहे, मुलींसाठी कॅप्टन कोण. तिन्हींची उत्तरं मिळाली तर जूनमध्ये नुसतं बघायला जा, काही सभा कडेला बसून काढा. नोंदणीच नसेल तर जिल्हा संघटकांकडून अर्ज आणून मुख्याध्यापकांबरोबर भरा आणि पुढच्या बेसिक कोर्सची तारीख विचारून घ्या. आपल्या जोडीला दुसरा माणूस आधीच ठरवा, शक्यतो लोकलने न जाणारा, म्हणजे कर्जत लाइन बंद पडली तरी शनिवारची सभा होईल. आणि लाठ्या, दोऱ्या ज्या कपाटात असतात त्याची चावी कुणाकडे आहे तेही विचारून ठेवा, कारण शनिवारी दुपारी शाळेचं ऑफिस बंद असतं.